भिंतीवरून आलेली भाजी

वामनभाऊ माह्या शेजारचा. दोन घरांच्या मधात एकच भिंत, अन मागच्या आंगणात तर ती कमरेएवढीच. म्हणून त्याच्या घरी काय शिजलं, कोणी खाल्लं अन कोणी ताट सरकवलं, सगळं मले घरबसल्या समजते. मी काही कान लावून बसत नाही बाप्पा! त्याचा आवाजच तसा आहे. बिजली ऑफिसात लाईनमन होता, खांबावरून खालच्याले ओरडायची सवय. रिटायर होऊन खाली उतरला, पण आवाज काही उतरला नाही.

"हे काय वाढलं वं? मी ढोर आहो का?" हे त्याचं दोन टाइमचं बोलणं. मेथी असो, चवळी असो, पालक असो, सगळ्याले एकच नाव, चारा. दोडका म्हणजे पाणी. कारलं म्हणजे इंदूनं मुद्दाम साधलेला दावा. इंदू म्हणजे त्याची बायको. सौसरले लग्न होऊन आली तेव्हापासून ही बाई रांधून राहिली, अन तो नाक मुरडून राहिला. पांढुर्णा तहसीलचा जिल्हा झाला, पण वामनभाऊची जीभ काही पुढं सरकली नाही.

मंग खाणार काय हा माणूस? आलूबोंडा, समोसा, पोहे अन वरून तर्री, पांढरा भात, त्याच्यावर तेल, अन चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा. अन ज्वारीची भाकर? राम राम! तिचं तर नावच काढू नका.

त्याचीही एक गोष्ट आहे. वामनभाऊ मोहगावकडला. मायबाप दुसऱ्याच्या वावरात राबत. घरात ज्वारीची भाकर अन अंबाडीची भाजी, तीही पोटभर नाही. बिजली ऑफिसात नोकरी लागल्याचा कागद आला त्या दिवशी यानं मायले सांगतलं म्हणे, "माय, आता आपल्या घरी ज्वारी दिसली नाही पाहिजे." मी हसत नाही त्या गोष्टीले. मीही त्याच भाकरीवर वाढली, भूक काय असते मले माहीत आहे. पण नोकरी लागली म्हणून भाकरीले घराबाहेर काढायचं, जशी काही तिनंच आपल्याले गरीब केलं होतं! मले तेव्हाही राग येत होता, आताही येते.

नोकरीत दुसरीच चटक लागली. गावाची लाईट गेली, की वामनभाऊ सायकलवर हजर. तो खांबावर, अन बोरगावपासून मोहगावपर्यंतचे लोक खाली मान वर करून उभे. लाईट आली की कोणी वडाभात वाढे, कोणी शेवया, कोणी कोंबडी कापे. लाईनमनले खुश ठेवलं तर पुढच्या बारीले लवकर येईन, एवढा साधा हिशोब होता त्या लोकांचा. यानं मात्र समजून घेतलं, की चव दुसऱ्याच्या घरी राहते. तेव्हापासून घरची मुर्गी दाल बराबर. इंदूनं जीव ओतून रांधावं, अन यानं म्हणावं, "त्या बोरगावच्या पाटलिणीची कढी होती वं! तुले नाही जमणार."

पोरगा प्रवीण बापावर एक पाऊल पुढं. बोरगावच्या कंपनीत जाते. इंदू सकाळी उठून त्याचा डबा भरे, अन संध्याकाळी डबा जसाच्या तसा घरी. वरून हातात समोशांची पुडी. "बाबाही नाही खात ना, मंग मलेच काहून म्हणतं?" झालं. बाप गुरू, पोरगा चेला, अन इंदू दोघांच्या मधात भाजीचं भांडं घेऊन उभी.

रिटायर झाल्यावर साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. गोळी घेतली की आपण मोकळे, असं समजून हा वरून जिलेबी खाये. मंग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. भिंतीले हात लावत लावत चालाले लागला. आंगणातली चप्पल दिसेना. इंदू हात धरून बाहेर नेई, हात धरून घरात आणे. पांढुर्ण्याच्या डोळ्याच्या डॉक्टरनं साफ सांगतलं, "साखर उतरल्याबिना मी डोळ्याले हात लावत नाही. जखम चिघळली तर आहे तेवढी नजरही जाईन. तोंड सांभाळा. ज्वारीची भाकर खा, पालेभाजी खा."

घ्या! ज्या भाकरीले उंबऱ्याबाहेर काढलं, तीच आता डॉक्टरच्या चिठ्ठीत बसून परत आली.

त्या रात्री इंदू माह्यापाशी येऊन रडली. "देवकाबाई, हा माणूस आंधळा होईन, पण भाकर नाही खाणार."

मी म्हटलं, "मंग होऊ दे आंधळा! तुले काय?"

"मले काय?" ती म्हणे. "जन्मभर हात धरून कोण फिरवीन? तू?"

बोलणं खरं होतं.

इंदूनं सगळं करून पाहिलं. पालक वाटून कणकेत मळला. याले दिसत नव्हतं, पण नाक शाबूत होतं. "पोळीले शेवाळ लागलं का वं?" लौकी किसून वरणात घातली. यानं वरणात बोट फिरवलं, तारेत करंट आहे का नाही ते पाहावं तसं, अन एकेक धागा काढून ताटाच्या काठावर मांडला. प्रवीणनंही तेच केलं, वरून त्याचा फोटो काढून दोस्तायले पाठवला. गोड बोलून झालं, रडून झालं, एक दिवस चूलही बंद ठेवून झाली. वामनभाऊनं चौकातून पोहे मागवले.

अन मंग ती वाटी आली मधात.

पोळा झाल्यावरचे दिवस होते, अंबाडी कवळी होती. इंदूनं ज्वारीच्या कण्या टाकून अंबाडीची भाजी केली. वामनभाऊनं ताट सरकवलं, भिंतीपलीकडून मले आवाज आला. इंदूनं ती भाजी एका मोठ्या वाटीत भरून मले आणून दिली. मी एकटी बाई. मालक गेले, पोरगा नागपूरले. मी अर्धी खाल्ली, अर्धी उरली. दुसऱ्या दिवशी वाटी परत करायची होती. आता आपल्या इकडं शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत, काही ना काही टाकूनच द्यावं लागते. अन माह्या घरी त्या दिवशी काय होतं? करपलेली खिचडी. मले सैपाक येत नाही, अख्ख्या मोहल्ल्याले माहीत आहे. माह्या वरणात डाळ शोधाले माणूस लावावा लागते, असं माहे मालकच म्हणत. खिचडी द्यायची लाज वाटली. मंग काय केलं, उरलेल्या भाजीवर लसणाची फोडणी दिली, अन तिची भाजी तिच्याच वाटीत घालून निघाली. इंदू हसन, दुसरं काय होईन, असं मनात म्हटलं.

पण इंदू नळावर गेली होती. वामनभाऊ एकटा बाजेवर बसला होता.

"कोण आहे?"

"मी देवका. वाटी आणली."

"काय आहे वाटीत?" वास घेतला त्यानं. "वानोळा आणला काय?"

मी हो म्हणाच्या आधीच यानं वाटी हातात घेतली, दोन बोटं घातली, तोंडात टाकली. मी दारातच थांबली. वाटलं, आता थुंकते. हा तर मिटक्या मारून राहिला! "वाहवा! याले म्हणतात अंबाडी! देवकाबाई, तुमच्या हाताले काय चव आहे हो! आमच्या हिले सांगा थोडं. कालच तिनं केली होती, थूऽ." वाटी चाटूनपुसून साफ. वरून म्हणे, "याच्यासंग भाकर पाहिजे होती."

भाकर! वामनभाऊच्या तोंडातून! मी तशीच नळावर पळाली.

इंदूले सांगतलं तर ती आधी हसली, मंग रडली, मंग पाण्याचा गुंड बाजूले ठेवून खाली बसली अन म्हणे, "देवका, तू रोज आण."

तेव्हापासून सुरू झालं. सकाळी वामनभाऊ झोपेत असतानाच इंदू आपल्या चुलीवर भाकर थापे, भाजी करे, अन मागच्या आंगणातून भिंतीवरून माह्या हातात देई. मी ते माह्या डब्यात भरो, थोडा वेळ बसो, अन पुढच्या दारातून जाऊन आवाज देओ, "वामनभाऊ, वानोळा आणला!" हा लेकाचा ताट पुसून तयार! ज्वारीची भाकर, मेथी, चवळी, दोडका, एक दिवस तर कारलं. कारलं खाऊन म्हणे, "कडू आहे, पण देवकाबाईच्या हातचं कडूही गोड लागते." इंदू दाराआड तोंडाले पदर लावून उभी होती. हसत होती का रडत होती, ते मले अजूनही सांगता येत नाही.

प्रवीणही खाले लागला. बाप खाते म्हटल्यावर पोरगा कसा मागं राहीन? "काकू, उद्या काय आणान?" असं मलेच विचारे. समोशांची पुडी आपोआप बंद झाली.

खरं सांगू? मले राग येत होता. त्याची तारीफ ऐकून अंगाची लाही होई. चौकात न्हाव्याच्या दुकानात बसून हा सांगे, "माही साखर डॉक्टरनं नाही, देवकाबाईच्या भाकरीनं उतरवली." बायका मले भाकरीचं विचाराले येऊ लागल्या. पापुद्रा कसा येते, पीठ गरम पाण्यात मळता का थंड्या? मले काय माहीत! मी म्हणो, "ते हातावर राहते बाई." सगळ्या मान डोलावत. मोहल्ला म्हटला की मान डोलवाले तयारच!

एक दिवस तर हद्दच झाली. वामनभाऊनं इंदूले हुकूम सोडला, "रोज दुपारी देवकाबाईकडं जात जा अन सैपाक शिकून ये." माय वं! ती आली. मी तिच्यासाठी चटई टाकली, पंखा लावला. ती झोपली. लग्न झाल्यापासून दुपारी झोपायले मिळालं नव्हतं म्हणे तिले. पंधरा-वीस दिवस तिचं ते शिक्षण चाललं. घरी गेली की वामनभाऊ विचारे, "आज काय शिकली?" ती म्हणे, "आज कणीक."

मी दहादा म्हटलं, "सांगून टाकतो याले आता." दर बारीले इंदू माहा हात धरे. "डोळे होऊ दे देवका. दोन्ही होऊ दे. माहं नाव ऐकलं तर हा माणूस घास खाली उतरू देणार नाही. मी ओळखतो त्याले." मले काय, मी चूप राहो. पण चूप राहणं माह्या स्वभावात नाही, ते आतल्या आत सडते.

साखर उतरली. हिवाळ्याच्या शेवटी डॉक्टरनं एका डोळ्याचं ऑपरेशन केलं. पट्टी निघाली, काळा चष्मा लागला, वामनभाऊले इंदूच्या डोक्यातले पांढरे केस दिसाले लागले. "किती म्हातारी झाली वं तू!" ही त्या नव्या डोळ्याची पहिली कमाई. दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्याची मिळाली, अन डॉक्टरनं पुन्हा बजावलं, साखर चढली तर तारीख रद्द.

डोळा उघडल्याच्या खुशीत वामनभाऊनं माघ पौर्णिमेले पंगत घ्यायचं ठरवलं. सगळ्या गल्लीले आवतन. अन सैपाक कोणी करावा? देवकाबाईनं! दुसऱ्याच्या हातचं चालणारच नाही म्हणे. आता आली का पंचाईत? पहाटेपासून इंदू माह्या घरात चुलीपुढं. भाकरी, वांग्याची भाजी, मेथी टाकलेलं वरण, कढी. घामानं तिचं लुगडं अंगाले चिकटलं. मी काय केलं? कांदे चिरले, तेही जाड झाले. मंग डेगच्या उचलून बाहेर आणल्या, अन वाढायच्या वेळी पळी माह्या हातात.

गल्लीतल्या बुद्धविहारात वंदना झाली, अन वामनभाऊच्या आंगणात पंगत बसली. वामनभाऊ मधात, काळा चष्मा लावून, मोठा नवरदेव. बाजूले यशवंतराव, आमच्या गल्लीतले सगळ्यात जुने. पलीकडं प्रवीण. इंदू कढी वाढत होती. यशवंतरावांनी भाकर मोडली, भाजीले लावली, दोन घास खाल्ले अन म्हणाले, "वामन, असं जेवण माह्या मायच्या हातचं खाल्लं होतं. कोणी केलं?"

झालं, वामनभाऊले पाहिजेच होतं ते. तोंडातला घास तसाच ठेवून म्हणे, "आमची देवकाबाई! माहा डोळा यांनीच उघडला. आता इंदूचंच पाहा ना. जन्म गेला चुलीपुढं, पंधरा-वीस दिवस यांच्या घरी शिकाले गेली, पण नाही जमलं. दोष नाही देत मी. काही काही हाताले चवच नसते."

सगळे इंदूकडं पाहाले लागले. कढीची पळी तिच्या हातात अधांतरी. कढी टपटप खाली सांडत होती, तिले समजतही नव्हतं. तिनं माह्याकडं पाहून मान हलवली, नको म्हणून. मले दिसली ती मान. पण आता नाही, बाप्पा! मी डेगची खाली आपटली.

"वामनभाऊ," मी म्हटलं, "हे जेवण इंदूनं केलं. आजचं, कालचं, पोळ्यापासूनचं, सगळं. अंबाडी तिची, भाकर तिची, ते गोड कारलंही तिचंच. मी फक्त भिंतीवरून घेतलं अन दारातून आणलं. माह्या हातचं जेवाचं असन तर करपलेली खिचडी आहे घरात, आणू का?"

कोणाचा हात ताटात, कोणाचा तोंडापाशी. वामनभाऊ थांबला. तोंडातला घास त्यानं हळूहळू चावला, इकडून तिकडं फिरवला, गिळला. मंग म्हणे, "तरीच. मी म्हणत होतो, आज मीठ कमी काहून लागून राहिलं."

दोघं-चौघं हसले. मनात म्हटलं, संपलं! गेला दुसरा डोळा. अन तो माह्या तोंडानं गेला. इंदूनं सांगतलं तसंच होऊन राहिलं होतं.

इंदूनं कढीचं भांडं खाली ठेवलं. पदराले हात पुसला. चालत आली, अन पंगतीत बसलेल्या नवऱ्याच्या पुढचं ताट उचललं. वाढलेलं ताट! जेवणाऱ्याच्या पुढून वैऱ्याचंही ताट कोणी उचलत नाही. बायकांच्या तोंडातून "अवं माय!" निघालं. यशवंतरावांनी हात आखडला.

"हे काय वं?" वामनभाऊ ओरडला. खांबावरचा आवाज.

"मीठ पाहतो," इंदू म्हणे.

अन ते ताट घेऊन ती तिथंच, यशवंतराव अन वामनभाऊच्या मधात मांडी घालून बसली. नवऱ्याच्या उष्ट्या ताटात बाईनं जेवावं, ही जुनी रीत. पण नवरा जेवून उठल्यावर! तो उपाशी बसला असताना नाही. इंदूनं भाकर मोडली, भाजी लावली, सगळ्यांसमोर तोंडात घातली. काही घाई नाही. एक घास, दुसरा, तिसरा. आमच्या लग्नाकार्यांत ही बाई कधी पहिल्या पंगतीले बसलेली मी पाहिली नाही.

"बराबर आहे मीठ," ती म्हणे. "तुम्ही आता घरचं खाऊ नका. चौकात पोहे आहेत, समोसे आहेत. डॉक्टरले मी फोन करून सांगतो, तारीख दुसऱ्या कोणाले द्या. एक डोळा मी माह्या हातानं आणला. दुसरा तुमचा तुम्ही पाहा."

अन ती जेवत राहिली.

वामनभाऊनं प्रवीणकडं पाहिलं. प्रवीणनं मान खाली घातली अन भाकरीचा मोठा तुकडा मोडला. यशवंतरावांकडं पाहिलं, ते म्हणाले, "इंदूबाई, भाजी झकास झाली." मंग त्यानं माह्याकडं पाहिलं. मी विचारलं, "खिचडी आणू?"

त्याचा तो नवा डोळा सगळ्या पंगतीवरून फिरला. सगळे जेवत होते, अन त्याच्यापुढं रिकामी जमीन. आवाज द्याले तोंड उघडलं, कोणाले द्यावा ते समजेना. मंग गुडघ्यावर हात टेकून उठला. मले वाटलं, आता रुसून घरात जाते. घरातच गेला. आतून भांडी पडल्याचा आवाज आला, कारण ताटं कुठं राहतात हे याले जन्मात माहीत नव्हतं. थोड्या वेळानं ताट घेऊन बाहेर आला. डेगचीपाशी खाली बसला, आपल्या हातानं भाकर घेतली, भाजी घेतली, थोडी सांडवली. पंगत सरकून त्याची जागा भरली होती. तो डेगचीपाशीच बसला अन जेवला.

मीठ काही मागितलं नाही.